पंधरा सेकंदांची किंमत : वृत्तवाहिन्या, निवेदक आणि न्यायालये (१९९५ ते २०२५)

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. बंगालच्या क्रिकेट संघटनेने सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले होते आणि केंद्र सरकारने त्याला हरकत घेतली होती. वाद क्रिकेटचा होता, पण त्यातून भारतीय दूरचित्रवाणीचे भवितव्य ठरले. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. निकालाचा दुसरा अर्धा भाग मात्र फारसा कुणाच्या स्मरणात राहिला नाही. सरकारची मक्तेदारी जितकी घातक, तितकीच मूठभर खासगी धनिकांचीही घातक. म्हणून या लहरींच्या वापरावर लोकहितासाठी एका स्वतंत्र, सार्वजनिक यंत्रणेचे नियंत्रण असावे, असा तो भाग होता. पुढील तीस वर्षांत निकालाचा पहिला भाग अमलात आला आणि दुसरा कागदावरच राहिला. त्याची किंमत कोणी चुकवली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

वाचणारा आणि निवाडा देणारा

दिल्लीत १९५९ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या दूरदर्शनवर १९६५ पासून रोजचे बातमीपत्र आले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांनी मराठी बातम्या वाचल्या. दिल्लीहून सलमा सुलतान वाचत असत. या साऱ्यांना 'वृत्तनिवेदक' म्हणत, आणि शब्दाप्रमाणेच त्यांचे काम होते. समोर आलेला मजकूर स्पष्ट उच्चारात वाचायचा आणि नमस्कार करून निरोप घ्यायचा. त्यांचे स्वतःचे मत काय, हे प्रेक्षकांना कधी कळले नाही.

त्या काळाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. दूरदर्शन हा सरकारचा आवाज होता. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हत्येची बातमी बीबीसीवर आधी आली आणि देशाच्या स्वतःच्या दूरचित्रवाणीवर संध्याकाळी. बातमी दडपणे हा त्या व्यवस्थेचा दोष होता. नव्या व्यवस्थेचा दोष याच्या नेमका उलटा निघाला. ठरण्याआधीच ठरवून टाकण्याचा तो दोष.

जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले, तेव्हा सीएनएनचे थेट चित्रण मोठ्या हॉटेलांतून दिसू लागले. गल्लोगल्लीच्या केबलवाल्यांनी गच्चीवर डिश अँटेना बसवल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आले. १९९५ मध्ये सुरेंद्र प्रताप सिंह यांचा 'आज तक' हा वीस मिनिटांचा कार्यक्रम दूरदर्शनच्याच मेट्रो वाहिनीवर लोकप्रिय झाला. १९९८ मध्ये स्टार न्यूज आणि २००० च्या अखेरीस 'आज तक'ची चोवीस तासांची वाहिनी सुरू झाली. २००७-०८ मध्ये झी चोवीस तास, स्टार माझा आणि आयबीएन लोकमत या वाहिन्यांनी मराठीतही ही स्पर्धा आणली.

वीस मिनिटांचे चोवीस तास झाले, पण बातम्या बहात्तर पटींनी वाढल्या नाहीत. उरलेला वेळ चर्चेने भरावा लागला, कारण वार्ताहर खेड्यापाड्यांत पाठवण्यापेक्षा चार पाहुणे स्टुडिओत बसवणे स्वस्त पडते. टीआरपीचा आकडा वाहिनीचा दर ठरवू लागला. या गरजेतून निवेदकाचा 'अँकर' झाला. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ जहाजाचा नांगर. वादळात जहाज स्थिर ठेवणे हे नांगराचे काम. इथे मात्र वादळ उठवण्याची जबाबदारीच त्याच्यावर आली. प्रश्न विचारणारा, साक्षीदाराला अडवणारा आणि अखेरीस निवाडा देणारा एकच माणूस, असे दृश्य घरोघरी दिसू लागले.

खटल्याआधीचा निकाल

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला. काही दिवसांतच दिल्लीच्या झाकिर हुसेन महाविद्यालयातील अरबीचे अध्यापक सय्यद अब्दुल रहमान गिलानी यांना अटक झाली. २० डिसेंबरला पोलिसांनी कोठडीतील आरोपी मोहम्मद अफजल याला वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांपुढे बसवले. या मुलाखतीत अफजलने गिलानींचा सहभाग नाकारला होता आणि ते वाक्य दाखवू नये असे पोलिस अधिकाऱ्याने सांगितले होते, अशी साक्ष पुढे एका वार्ताहराने न्यायालयात दिली. डिसेंबर २००२ मध्ये निकाल तोंडावर आला असताना आरोपपत्रावर आधारलेला एक चित्रपट झी वाहिनीने दाखवला. त्याच्या प्रक्षेपणावर दिल्ली उच्च न्यायालयाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली होती. आरोपपत्र ही फिर्यादी पक्षाची बाजू असते; पडद्यावर मात्र ती सत्यकथा म्हणून आली. त्यानंतर लगेच विशेष न्यायालयाने गिलानींना फाशीची शिक्षा सुनावली.

२९ ऑक्टोबर २००३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. ४ ऑगस्ट २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्या निकालपत्रात त्यांच्या वर्तनाविषयी संशय नोंदवला आहे, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे तत्त्व तिथेच पाळले गेले. पोलिसांच्या उपस्थितीत घेतलेली ती मुलाखत पुरावा म्हणून विचारात घेण्यास न्यायालयाने नकार दिला आणि ती घडवून आणणाऱ्या पोलिसांच्या अतिउत्साहावरही बोट ठेवले. जे न्यायालयाला पुरावा म्हणून चालले नाही, ते देशाने चार वर्षे आधी दिवाणखान्यात बसून पाहिले होते.

हैदराबादची हकीकत याहून क्लेशकारक आहे. १८ मे २००७ रोजी शुक्रवारच्या नमाजच्या वेळी मक्का मशिदीत स्फोट होऊन नऊ जण मरण पावले. नंतरच्या पोलिस गोळीबारात आणखी पाच. त्यानंतर शहरातील मुस्लिम तरुणांची मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली. मशीद त्यांची, मयत त्यांच्यातले आणि आरोपीही तेच. त्यांच्यावरील खटले टिकले नाहीत. पुढे आंध्र प्रदेश सरकारने अशा तरुणांना नुकसानभरपाई आणि चारित्र्याचे प्रमाणपत्र देण्याचे ठरवले. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने भरपाईचा आदेश रद्द केला. चारित्र्याचे प्रमाणपत्र सरकारला द्यावे लागते, यातच गेलेल्या अब्रूची कबुली आहे. ज्या वाहिन्यांनी तपास पुरा होण्याआधीच सूत्रधार ठरवून टाकले होते, त्यांच्याकडून मात्र असा कागद कुणाला मिळाला नाही. याच प्रकरणात नंतर दुसऱ्याच गटातील लोकांवर खटला चालला. त्या वेळी पडद्यावरची नावे बदलली, पद्धत तीच राहिली. १६ एप्रिल २०१८ रोजी तेही सर्व निर्दोष सुटले. स्फोट कोणी घडवला, हा प्रश्न न्यायालयात अनुत्तरित राहिला. पडद्यावर तो दोनदा सुटला होता.

ही वृत्ती एका समाजापुरती मर्यादित होती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ऑगस्ट २००७ मध्ये दिल्लीतील एका शिक्षिकेवर 'लाईव्ह इंडिया' वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याचा कार्यक्रम दाखवला. जमावाने तिला मारहाण केली, नोकरी गेली, आणि नंतर तो कार्यक्रमच बनावट निघाला. वाहिनी महिनाभर बंद ठेवण्यात आली. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील थेट प्रक्षेपणाचा उपयोग हल्लेखोरांच्या परदेशी सूत्रधारांना झाला, अशी कठोर नोंद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालात केली.

न्यायमूर्तींचे छायाचित्र

आता पुन्हा न्यायमूर्ती सावंत यांच्याकडे वळावे लागते. निवृत्तीनंतर १९९५ ते २००१ ते भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष होते. परिषदेचा अधिकार छापील वृत्तपत्रांपुरताच असल्याने वाहिन्या तिच्या कक्षेबाहेर राहिल्या. सप्टेंबर २००८ मध्ये टाइम्स नाऊ वाहिनीने गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी देताना कोलकाता येथील एका न्यायमूर्तींचे छायाचित्र म्हणून, आडनावाच्या साधर्म्यामुळे, सावंत यांचे छायाचित्र दाखवले. ते सुमारे पंधरा सेकंद पडद्यावर होते. १९९५ मध्ये ज्यांच्या लेखणीने ध्वनिलहरी मोकळ्या केल्या, त्यांच्याच चेहऱ्यावर त्या मोकळ्या पडद्याने घोटाळ्याचा शिक्का मारला.

त्यांनी पुण्याच्या न्यायालयात दावा लावला. एप्रिल २०११ मध्ये न्यायालयाने शंभर कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. अपील चालवण्यासाठी वीस कोटी रोख आणि ऐंशी कोटींची बँक हमी भरावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. ही रक्कम अवाजवी आहे, तिच्या धाकाने प्रामाणिक पत्रकारिताही भिईल, अशी टीका तेव्हा झाली आणि ती निराधार नव्हती. तथापि, पडद्यावरच्या एका चुकीला किंमत असते, हे या खटल्याने प्रथमच ठळकपणे दाखवले.

समाजाची अब्रू

मार्च २०२० च्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमधील तबलिगी जमातीच्या मेळाव्यातून करोनाचे रुग्ण आढळले. साथीच्या काळातील गर्दीवर टीका करणे हे पत्रकारांचे कर्तव्यच होते. परंतु अनेक वाहिन्यांवर गर्दीचा विषय मागे पडला आणि कटाचा पुढे आला. 'करोना जिहाद' असे शब्द वापरले गेले. गावोगावचा भाजीवाला, फळवाला त्याचा धनी झाला.

२१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एकोणतीस परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. हे लोक रीतसर व्हिसावर आले होते. त्यांच्याविरुद्ध वृत्तपत्रे आणि वाहिन्यांतून मोठा प्रचार झाला आणि संकटकाळी त्यांना बळीचा बकरा करण्यात आले, असे न्यायमूर्ती नलावडे यांच्या निकालपत्रात म्हटले आहे. न्यायमूर्ती सेवलीकर यांनी निकालाला संमती देऊन काही निरीक्षणांशी असहमती नोंदवली. परदेशी पाहुण्यांना आसरा दिला म्हणून दिल्लीतील सत्तर भारतीयांवर झालेले गुन्हे मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केले. म्हणजे पाच वर्षांनी.

वाहिन्यांचे काय झाले? वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने जून २०२१ मध्ये न्यूज १८ कन्नड या वाहिनीला एक लाख आणि सुवर्ण न्यूजला पन्नास हजार रुपये दंड करून माफी प्रसारित करण्यास सांगितले. बेळगाव-निपाणीकडे मराठी घरांतूनही कन्नड वाहिन्या लागतात. त्या घरांत शिजलेला संशय या दंडाने किती निवळला असेल, याची कल्पना करता येईल. एक लाखाचा दंड वाहिन्यांना जरब बसवू शकत नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्त केले.

पंधरा सेकंदांना शंभर कोटी आणि अनेक दिवसांच्या प्रक्षेपणाला एक लाख. एक दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा आणि दुसरा वाहिन्यांच्याच संस्थेचा आदेश, हे खरे. म्हणून रकमांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. परंतु फरकाचे मूळ यातच आहे. आपला कायदा बदनामी व्यक्तीची मानतो. ज्याचे नाव घेतले, चेहरा दाखवला, त्याला दावा लावता येतो. तोही वकील आणि वेळ परवडत असेल तर. लक्षावधींच्या समाजावर बोट रोखले, तर त्यातील कुणा एकाला भरपाई मागता येत नाही. केबल नियमांतील कार्यक्रम संहिता धर्म आणि समुदायांवरील हल्ल्यांना मनाई करते. पण तिची अंमलबजावणी सरकारच्या हाती आहे, आणि सरकारला अप्रिय व सरकारला सोयीचे यांत फरक केला जातो, ही शंका कोणत्याही पक्षाच्या राजवटीत राहतेच. यासाठीच १९९५ च्या निकालाने सरकार आणि शेठ या दोघांपासूनही स्वतंत्र अशी यंत्रणा सुचवली होती.

न्यायमूर्ती सावंत यांचे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांचा निकाल वाहिन्यांच्या स्वातंत्र्याची सनद म्हणून उद्धृत होतो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या सनदेत स्वातंत्र्याबरोबर एक अटही लिहिली होती. गेल्या तीस वर्षांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने वाहिन्यांच्या फिती आणि न्यायालयांची निकालपत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. आरोप रात्री नऊला, पूर्ण आवाजात झाला होता. निर्दोष सुटकेची बातमी खालच्या पट्टीतून सरकत गेली असेल, तर ती कुणाच्या डोळ्यांना पडली, याचा हिशेब अजून मांडायचा राहिला आहे.