सव्वाआठ फुटांची वाट



मागच्या सप्टेंबरात आमच्या गटांची सहल कास पठारावर गेली होती. फुलं बघून झाल्यावर आम्ही कुमुदिनी तळ्याकडे निघालो. ती वाट मुरमाची आहे आणि पर्यटकांच्या गाड्यांना तिथे मज्जाव आहे. दोन्ही बाजूंना कारवीची झुडपं, अंगावर धुकं, आणि आमच्या चपलांशिवाय दुसरा आवाज नाही. तेवढ्यात मागून घंटी वाजली. शहरातल्या दोन मुली जाड टायरच्या सायकलींवरून आल्या, आम्हाला हात करून पुढे गेल्या आणि तळ्यावर आमच्याच शेजारी डबा उघडून बसल्या. ज्या वाटेवर मोटार नाही, डांबर नाही, अशाच वाटा शोधत आम्ही सुट्टीला फिरतो, असं त्या सांगत होत्या.

आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "एवढ्यासाठी इतक्या लांब आलात व्हय पोरींनो? ही तर आमच्या पाणंदीसारखीच वाट हाय."

आम्ही सगळ्या हसलो. पण परतताना बसमध्ये विषय निघाला तो तिथेच राहिला नाही. आजी ज्या पाणंदीबद्दल बोलत होत्या, तिच्यात गेली पंधरा वर्षं ऊस उभा आहे. आणि आमच्या मुली हायस्कूलला सायकलवरून जातात त्या कारखान्याच्या रस्त्याने, दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरांच्या कडेने. म्हणून आजच्या भाषणाला हा विषय घेतला: आपल्या भागातल्या बिनगाडीच्या वाटा कुठून आल्या आणि कुठे गेल्या.

आधी कासच्या वाटेचं सांगतो. तिथले लोक तिला राजमार्ग म्हणतात. साताऱ्याहून निघून डोंगराच्या माथ्या-माथ्याने महाबळेश्वराकडे जाणारी ही जुनी वाट. छत्रपतींच्या स्वाऱ्या इथून जायच्या, असं त्या गावांत सांगतात. 1818 नंतर साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते, त्यांना रस्ते आणि पाण्याची कामं करायची मोठी हौस. त्यांच्याच काळात मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवायला घेतलं. 1829 मध्ये करार होऊन महाबळेश्वर इंग्रजांकडे गेलं आणि बदल्यात महाराजांना खंडाळा मिळालं. मग साहेबांच्या गाड्या वर चढायला हव्यात म्हणून चांगले रस्ते झाले. एक मेढ्याच्या अंगाने, दुसरा वाईहून पसरणीच्या घाटाने. माथ्यावरची वाट बाजूला पडली. बाजूला पडली म्हणूनच ती वाचली, असं आम्हाला वाटतं. तिच्यावर मोटार आली असती तर आज तिथे चहाच्या टपऱ्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या असत्या.

2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात कास आलं. कास, एकीव, आटाळी, कुसुंबी अशा भोवतालच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या वनखात्याबरोबर पठाराची राखण करतात, प्रवेशाची फी घेतात. गावातल्या पोरांना आणि बायकांना हंगामापुरतं का होईना काम मिळतं. बाजूला पडलेल्या वाटेचाही संसाराला उपयोग होतो, तो असा.

पठाराच्या पलीकडे उतरलं की बामणोली. तिथून आता लाँचमध्ये बसून वासोट्याला जातात, कारण खालचं खोरं कोयना धरणाच्या पाण्याखाली आहे. 1960 च्या आसपास ते पाणी चढलं आणि गावं उठली. कोणी ठाण्याकडे गेलं, कोणी रायगडात, कोणी सोलापुराकडे. घरं आणि शेतं गेली हे सगळे सांगतात. वाटा गेल्या हे फारसं कोणी सांगत नाही. माहेर-सासरची, बाजाराची, देवाची वाट एका पावसाळ्यात तळाला गेली. मग नदीपलीकडची बहीण होडीशिवाय भेटेना.

वासोट्याचं नाव निघालं तर ताई तेलीण सांगायलाच हवी. औंधच्या परशुरामपंत प्रतिनिधींना मसूरला कैदेत ठेवलं होतं. या बाईने माणसं जमवून त्यांना सोडवलं. पुढे पंत पेशव्यांचा सरदार बापू गोखले याच्या हाती सापडले, तेव्हा तिने वासोटा हातात घेतला आणि 1807 च्या सुमाराला कित्येक महिने झुंजवला. आत धान्याला आग लागली तेव्हा गड गेला. आता विचार करा. मसूर कुठे, वासोटा कुठे! मधल्या सगळ्या जंगलाच्या वाटा माहीत असल्याशिवाय हे झालं असेल का? इतिहासात तिची लढाई लिहिलेली आहे, वाट लिहिलेली नाही.

कराडहून कुंभार्लीच्या घाटाने चिपळूणला जाणारा रस्ता तर मिठाचा. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी, आणि वरून गूळ, मिरची. बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून तांडे चालायचे. 1880 च्या दशकात पुण्याहून मिरजेकडे रेल्वे आली आणि माल हळूहळू तिकडे वळला. साताऱ्याचं 1885 चं गॅझेटियर बघितलं तर घाट कुठला, त्यातून काय जातं, सगळं बारकाईने लिहिलेलं आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी डोक्यावरून काय नेलं, त्याची नोंद आम्हाला काही सापडली नाही. लोण्याचं मडकं, वैरणीचा भारा, सरपणाची मोळी, कडेवर पोर. त्यांचा सगळा जमाखर्च पायवाटेवर चालला.

आता सायकलीकडे येऊ, कारण तीही आपल्याच भागाची गोष्ट आहे. किर्लोस्करवाडी सगळ्यांना माहीत आहे. नांगर माहीत आहे. पण त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचं पहिलं दुकान सायकलींचं होतं, 1888 साली, बेळगावात. नांगर नंतर आला. पुढे औंधच्या राजांनी कुंडलजवळ जागा दिली आणि 1910 मध्ये माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली. त्याच वाडीतून 1930 साली 'स्त्री' मासिक निघालं, आपल्यासारख्या मासिकांची थोरली बहीणच म्हणा. सायकल आणि बायकांचं मासिक एकाच घराण्यातून आलं, तरी आपल्या गावातल्या बाईला सायकलवर बसायला आणखी कितीतरी वर्षं लागली. आमच्या आईंच्या पिढीत सायकल चालवणारी बाई म्हणजे नर्सबाई. बाकीच्यांनी सायकल धुतली आणि पुसली.

त्याच कुंडलच्या शिवारात 1943 पासून प्रतिसरकार चाललं. तेव्हा सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे नव्हते. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. क्रांतिसिंह नाना पाटलांची माणसं शेकडो गावांत काम करत होती, आणि पोलिसांची गाडी जिथून येईल तो रस्ता त्यांना चालणार नव्हता. ओढ्याने, बांधाने, पाणंदीने रात्रीची चाल. नानांची मुलगी हौसाताई पाटील तान्हं मूल घरी ठेवून या कामात होत्या. गोव्याच्या कामगिरीवरून परत येताना त्यांनी रात्री मांडवी नदी लाकडी पेटीवर पडून ओलांडली, हे त्यांनी स्वतः म्हातारपणी सांगितलं होतं. 2021 मध्ये त्या गेल्या.

बायकांनी सायकल मोठ्या संख्येने हातात घेतल्याची गोष्ट मात्र तमिळनाडूतली आहे, पुदुकोट्टई जिल्ह्यातली. 1991 च्या पुढे तिथे साक्षरतेची मोहीम चालली होती. शीला राणी चुंकत या बाई तिथे कलेक्टर होत्या. अक्षरांबरोबर सायकलही शिकवायची, असं ठरलं. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतात राबणाऱ्या लाखभर बायका शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या, आणि मधल्या दांडीवर मूल बसवता येतं म्हणून तीच बरी म्हणाल्या! पाण्याच्या घागरी, बाजाराचा माल, पोरं, सगळं एका सायकलवर. चालण्यात जाणारा वेळ वाचला आणि बसच्या वेळापत्रकाची वाट बघणं संपलं.

पण सायकल आली तरी ती चालवायला वाट लागते. परदेशात हे लवकर ओळखलं. स्पेन देशात बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून तिथे 1993 पासून फक्त पायी आणि सायकलवाल्यांसाठी मार्ग केले. आपल्याकडे नव्याने काही करायची गरजच नाही, कारण वाटा कागदावर आहेत. हे आम्हाला कसं कळलं ते सांगतो, तुमच्या उपयोगी पडेल.

1848 साली सातारचं राज्य खालसा झालं आणि इंग्रजांची जमीन मोजणी आपल्या भागात आली. त्या मोजणीवरून गावनकाशे तयार झाले. ते तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. नकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने असते, तिची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. पायवाट तुटक एकेरी रेषेने, ती सव्वाआठ फूट. आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरोबर हाय. दोघी भारा घेऊन समोरासमोर आल्या तर सव्वाआठ फुटांत सुखानं जायच्या."

आमच्या गावाच्या नकाशात दुहेरी तुटक रेषा गावठाणापासून ओढा ओलांडून थेट हायस्कूलच्या माळापर्यंत जाते. कारखान्याच्या रस्त्यापेक्षा ती जवळची पडते. वाट कशी गेली? कोणी एका दिवसात खाल्ली नाही. दर वर्षी नांगराचं एक तास आत. बैलगाड्या बंद झाल्या, मोटारसायकल डांबरी रस्त्याने जायला लागली, पाणंद कोणाला लागेना. म्हणजे पुरुषांना लागेना. राजमार्ग बाजूला पडून वाचला, कारण तो जंगलात होता. आमची पाणंद बाजूला पडली ती शेतात. तिथे ऊस लावला.

दोन हंगामांपूर्वी एका मुलीची सायकल ट्रॉलीच्या कडेला घासली. हातावर निभावलं. पण तिच्या घरच्यांनी सायकल अडगळीत टाकली आणि दुसऱ्या दोघींनीही शाळा महिनाभर बुडवली. तेव्हा आम्ही बारा गटांच्या सह्या घेतल्या. ग्रामसभेत ठराव मांडला. कायद्याची माहिती काढली: वाट अडवली असेल तर 1906 च्या मामलतदार कोर्ट कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. नव्याने बांधावरून वाट हवी असेल तर 1966 च्या जमीन महसूल संहितेचं 143 वं कलम आहे. आणि मोकळ्या झालेल्या पाणंदीवर माती-मुरूम टाकायला मातोश्री पाणंद रस्ते योजना होती, ती रोजगार हमीशी जोडलेली होती. जुन्या अतिक्रमणाला सहा महिन्यांचा नियम आडवा येतो म्हणून आम्ही गावनकाशा आणि मोजणीचा रस्ता धरला.

सोपं गेलं असं समजू नका. ज्यांचा ऊस आहे त्यांच्यातल्या दोघी आमच्याच गटात आहेत. एकीने तीन बैठकांना तोंड दाखवलं नाही. आम्हीही तिला काही बोललो नाही, कारण तिच्या घरात शब्द तिचा चालत नाही हे आम्हाला ठाऊक होतं. शेवटी तिच्या सासूबाईच मोजणीच्या दिवशी काठी टेकत आल्या आणि जुना दगड कुठे होता ते त्यांनी दाखवलं. चिंचेखाली, मातीत अर्धा गाडलेला. भूकरमापकाच्या मापात आणि त्यांच्या बोटात हातभराचाही फरक पडला नाही.

गावठाणापासून ओढ्यापर्यंतची वाट आता मोकळी आहे. मुरूम पडलाय, पण रोलर फिरायचा राहिलाय, त्यामुळे सायकल थोडी घसरते. सकाळी सात-आठ मुली तिथून जातात. ओढ्याच्या पलीकडे अजून ऊस उभा आहे, तिथे त्या उतरून बांधाने सायकल ढकलत नेतात. ऊस तुटेपर्यंत थांबायचं, मग नांगर घालायचा नाही, असं सर्वांसमोर ठरलंय. टोळी माघात येणार आहे.