लायसन्स, पाद्री आणि एक रंगारी

२०१२ सालची गोष्ट. तेव्हा मी कॅलिफोर्नियात होतो. सिग्नल तोडल्याचा दंड भरायचा राहिला, घर बदललं तरी नवा पत्ता कळवला नाही. पुढे एकदा पोलिसाने गाडी थांबवली तेव्हा कळलं, आपलं लायसन्स कधीच सस्पेंड झालंय! मग ट्रॅफिक कोर्टाची वारी. जुना-नवा दंड भरून सुटलो. रांगेत पुढे एक रंगारी होता. दंडाला पैसे नाहीत म्हणून लायसन्स नाही, लायसन्स नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून पैसे नाहीत. आम्ही प्रोग्रामर लोक याला डेडलॉक म्हणतो.

घरी येऊन वाचायला बसलो तर 'बेल विरुद्ध बर्सन' हा खटला सापडला. १९६८ साली जॉर्जियात एका पाद्र्याच्या गाडीवर ५ वर्षांची मुलगी सायकलसकट आदळली. आईवडिलांनी ५,००० डॉलर भरपाई मागितली. पाद्रीबुवांचा विमा नव्हता. राज्याचा कायदा असा, की तेवढी रक्कम तारण ठेवा नाहीतर लायसन्स सस्पेंड. चूक कोणाची, हे बघायचंच नाही! आता तीन गावांतली भक्तमंडळी गाडीशिवाय गाठायची कशी? १९७१ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं : लायसन्सवर माणसाचं पोट असू शकतं, तेव्हा ते काढून घेण्याआधी याची जबाबदारी कितपत, हे सुनावणीत तपासा.

पण रंगाऱ्याला याचा काय उपयोग? त्याला चूक कबूलच होती, अडचण पैशांची होती. थकलेल्या दंडापायी लायसन्स सस्पेंड करणं कॅलिफोर्नियाने थांबवलं ते २०१७ साली.

तोवर तो कामावर कसा जात होता, कोण जाणे. बहुतेक गाडीनेच.