बेरीज, गुणाकार आणि रेडिओ

माणसाचा आवाज हवेतून फार लांब जात नाही. त्याच वारंवारितेची विद्युत्-लहर ॲन्टेनातून सोडावी म्हटले, तर तेही जमण्यासारखे नाही. एक किलोहर्ट्झच्या रेडिओलहरीची लांबी 300 किलोमीटर भरते. तिच्या पाव लांबीचा ॲन्टेना उभारायचा तर 75 किलोमीटर उंचीचा मनोरा लागेल. मध्यम लहरींवर 792 किलोहर्ट्झ ही आकाशवाणीच्या पुणे केंद्राची ओळखीची जागा. तिथे तीच पाव लांबी साधारण 95 मीटरवर येते, आणि तेवढा मनोरा बांधता येतो. शिवाय आवाज जसाच्या तसा सोडला असता, तर सगळ्यांचेच आवाज एकाच पट्ट्यात असल्याने दोन केंद्रे वेगळी ऐकणेही शक्य झाले नसते. म्हणून आवाज एका उंच वारंवारितेच्या लहरीवर, म्हणजे कॅरिअरवर, चढवून पाठवावा लागतो. या क्रियेला मॉड्युलेशन म्हणतात. हे पुस्तक त्या क्रियेविषयी आणि ती घडवून आणणाऱ्या ॲनालॉग सर्किटांविषयी आहे.

एक लहर दुसरीवर चढते म्हणजे नेमके काय होते? बहुतेक विद्यार्थी इथे अडखळतात, कारण दोन लहरी एकत्र केल्या की काम झाले असे त्यांना वाटते. तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा घ्या. प्रत्येक तारेतून मूळ स्वरासोबत निघणारे वरचे स्वर क्षणभर बाजूला ठेवू. एक तार 200 हर्ट्झला आणि दुसरी 202 ला लागली असेल, तर आवाज सेकंदाला दोनदा फुगतो आणि ओसरतो. पण त्या हवेत 2 हर्ट्झची लहर कुठेही नसते. असतात त्या फक्त 200 आणि 202. ही झाली बेरीज, आणि बेरजेतून नवी वारंवारिता निर्माण होत नाही. आता त्याच दोन लहरींचे व्होल्टेज एका डायोडमधून न्या. बाहेर 2 आणि 402 हर्ट्झही मिळतात. डायोडचा आलेख सरळ रेषा नसतो, तो वळतो. वळणाऱ्या आलेखात येणाऱ्या व्होल्टेजचा वर्ग होतो, आणि बेरजेचा वर्ग केला की त्यात गुणाकाराचे पद येते. दोन कोसाइनच्या गुणाकारातून कोनांच्या बेरजेचा आणि वजाबाकीचा कोसाइन मिळतो, हे सूत्र कॉलेजात जाताच सगळे पाठ करतात. रेडिओचे निम्मे शास्त्र त्या सूत्रात आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

माझ्या मते या विषयाचा गाभा इथेच आहे. ॲम्प्लिफायर शिकवताना आपण आलेखातल्या वळणाला शत्रू मानतो. ते सरळ व्हावे म्हणून बायसिंग काटेकोर ठेवतो, आणि बेल लॅबोरेटरीजच्या हॅरोल्ड ब्लॅक यांना 1927 मध्ये सुचलेला निगेटिव्ह फीडबॅक वापरतो. मिक्सर, मॉड्युलेटर आणि डिटेक्टर मात्र त्या वळणावरच जगतात. एकाच रेडिओत, एकाच जातीच्या ट्रान्झिस्टरला एका जागी सरळ वागावे लागते आणि शेजारच्या जागी तो वळलेला हवा असतो. क्रमिक पुस्तकांत डिस्टॉर्शन एका प्रकरणात आणि मॉड्युलेशन दुसऱ्या प्रकरणात येते. दोघांची गाठ कधी पडतच नाही. ती पाडण्यासाठी मी हे पुस्तक लिहायला घेतले.

एएममध्ये कॅरिअरचा आयाम आवाजाप्रमाणे कमीजास्त होतो. 792 किलोहर्ट्झच्या कॅरिअरवर एक किलोहर्ट्झचा सूर चढवला की 791 आणि 793 ला दोन साइडबँड उगवतात. सगळा मजकूर त्यांच्यात असतो. शंभर टक्के मॉड्युलेशन केले तरी एकूण शक्तीचा दोन तृतीयांश भाग कॅरिअरच घेऊन जातो, आणि त्यात मजकूर काहीच नसतो. ही उधळपट्टी का सोसायची, तर घरोघरचा रेडिओ साधा आणि स्वस्त व्हावा म्हणून. कॅरिअर सोबत असला की आवाज परत मिळवायला एक डायोड पुरतो. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेनाच्या स्फटिकाचा डिटेक्टर करून 1901 मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला. 1904 मध्ये ते मिळाले. पुढे जगभर क्रिस्टल रेडिओत डायोडच्या जागी तोच गॅलेना वापरला गेला.

डायोडमागचे दोन भाग नीट पाहण्यासारखे आहेत. रेडिओच्या आतल्या 455 किलोहर्ट्झच्या लहरीची एक फेरी 2.2 मायक्रोसेकंदांत संपते, तर 5 किलोहर्ट्झच्या आवाजाची फेरी 200 मायक्रोसेकंद घेते. डायोडमागचा कंडेन्सर रिकामा होण्याचा काळ या दोन्हींच्या मध्ये हवा. 5 किलोओहमचा रेझिस्टर आणि 0.01 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर यांचा काळ 50 मायक्रोसेकंद येतो, आणि तो ठीक बसतो. तिथे 0.1 चा कंडेन्सर लावला, तर आवाजाची लहर खाली उतरते तेव्हा कंडेन्सर तितक्या वेगाने रिकामा होत नाही. ऑसिलोस्कोपवर प्रत्येक उतार तिरका कापलेला दिसतो आणि स्पीकरमधला आवाज खरखरीत होतो. एका पार्टच्या किमतीत पडद्यावर दिसणारे आणि कानाला ऐकू येणारे शास्त्र असे एकत्र शिकता येते.

आता हे 455 कुठून आले? एडविन आर्मस्ट्राँग यांनी 1918 मध्ये सुपरहेटरोडाइन रिसीव्हर मांडला. आकाशवाणी मुंबईची ‘अस्मिता’ वाहिनी 558 वर लावा. सेटमधला ऑसिलेटर 1013 वर जातो. पुणे 792 वर लावा. तो 1247 वर जातो. मिक्सरमध्ये केंद्राच्या आणि ऑसिलेटरच्या लहरींचा गुणाकार होतो, आणि वजाबाकी दोन्ही वेळा 455 च. केंद्र कोणतेही असो, पुढचे सगळे काम एकाच वारंवारितेवर होते, आणि छोट्या डब्यांतल्या आयएफटी कॉइल एकदा जुळवल्या की पुन्हा हलवाव्या लागत नाहीत. पण गुणाकार भेदभाव करत नाही. 1468 किलोहर्ट्झवरचे केंद्रही 1013 पासून तितकेच दूर आहे. म्हणून मिक्सरच्या आधीच ट्यूनिंगने ते अडवावे लागते.

एफएमची कथा मला या विषयातली सर्वांत शिकवणारी वाटते. जॉन कार्सन या गणितज्ञ अभियंत्याने 1922 मध्ये दाखवून दिले, की कॅरिअरची वारंवारिता हलवून पट्टा वाचत नाही. एएमपेक्षा कमी जागेत आवाज मावणार नाही. गणित बरोबर होते. पुष्कळांनी त्यावरून एफएमच निरुपयोगी ठरवले. आर्मस्ट्राँगनी प्रश्न बदलला. पट्टा वाचवायचाच नाही, उलट मोकळ्या हाताने वापरायचा, मग काय मिळते? विजेचा कडकडाट आणि मोटारींचा खरखराट लहरीचा आयाम बिघडवतात. एफएममध्ये मजकूर आयामात नसतोच, त्यामुळे लहरीची डोकी लिमिटरने सरळ छाटून टाकता येतात. एएममध्ये आवाजाचा सत्यानाश करणारे डिस्टॉर्शन इथे उपचार ठरते. गोंगाटाने कॅरिअरची कला (फेज) किंचित हलते खरी, पण मजकुराने घडवलेल्या मोठ्या हालचालीपुढे ती नगण्य राहते. नोव्हेंबर 1935 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांसमोर आर्मस्ट्राँगनी प्रात्यक्षिक केले, तेव्हा पेल्यात पाणी ओतल्याचा आवाजही स्वच्छ ऐकू आला. आजही एफएम केंद्र 75 किलोहर्ट्झ इकडे आणि तितकेच तिकडे हलते. 15 किलोहर्ट्झपर्यंतच्या आवाजाला त्यामुळे सुमारे 180 किलोहर्ट्झचा पट्टा लागतो. हा हिशेब करायचा नियम मात्र कार्सन यांच्याच नावाने ओळखला जातो.

सगळे डिजिटल झाल्यावर हे कशाला शिकायचे, असे पालकही विचारतात. गुणाकार आता चिपमध्ये आकड्यांवर होतो, हे खरे आहे. पण ॲन्टेनावर येणारे मायक्रोव्होल्ट आकडे नसतात. आकडे होण्याआधी त्यांना ॲम्प्लिफायरमधून जावे लागते, आणि तिथे मिसळलेला गोंगाट पुढचे कोणतेही गणित काढू शकत नाही. नारायणगावजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाचे 30 ॲन्टेना आहेत. आकाशातून आलेला अतिक्षीण सिग्नल ॲम्प्लिफायरमधून गेल्यावर लेसरच्या प्रकाशाची तीव्रता कमीजास्त करतो, आणि तो प्रकाश ऑप्टिकल फायबरमधून मुख्य इमारतीत येतो. तिथे पोचल्यावर त्याचे आकडे होतात. तोवरचा सगळा प्रवास ॲनालॉग, आणि त्यातही मॉड्युलेशन आहेच. फक्त कॅरिअर प्रकाशाचा आहे.

पुस्तक वाचताना सोल्डरिंग आयर्न शेजारी असू द्या. पहिल्या प्रकरणात 200 मायक्रोहेन्रीची कॉइल करायची आहे. तिच्यासोबत गँग, म्हणजे फिरवता येणारा कंडेन्सर, 200 पिकोफॅरडवर आला की सर्किट सुमारे 796 किलोहर्ट्झला लागते, म्हणजे पुण्याच्या अगदी शेजारी. ‘अस्मिता’साठी तोच गँग 407 पर्यंत फिरवावा लागेल. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळेल. त्रिकोणमिती विसरली असेल तर आधी परिशिष्ट वाचा. डिटेक्टरचे प्रकरण मात्र ऑसिलोस्कोपशिवाय वाचू नका. घरी नसेल तर जवळच्या पॉलिटेक्निकमधल्या शिक्षकांना विचारा, आणि तिथे जाताना 0.01 आणि 0.1 हे दोन्ही कंडेन्सर बरोबर न्या.