काळोखाची गिरकी

१९४१ साली स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक होल्मबर्ग या खगोलशास्त्रज्ञाने विजेच्या दिव्यांचा एक खेळ मांडला. दिवे एकूण ७४. त्यांतले ३७ एका दीर्घिकेचे, उरलेले ३७ दुसरीचे. दिव्यापासून लांब जावं तसा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो आणि गुरुत्वाकर्षणही नेमकं तसंच घटतं. मग गुरुत्वाकर्षणाची आकडेमोड करत बसण्यापेक्षा उजेडच मोजला तर? फोटोसेल घेऊन होल्मबर्ग एकेका जागी किती उजेड कुठून येतो ते टिपी, त्यावरून प्रत्येक दिवा कुठे सरकायला हवा ते काढी, सगळे दिवे तेवढे हलवी आणि पुन्हा मोजायला बसे. दोन दीर्घिका जवळून गेल्या की एकमेकींना ओढून त्यांना सर्पिल भुजा फुटतात, हे त्याला या दिव्यांनी दाखवलं. संगणक हाताशी नसताना केलेलं हे दीर्घिकांचं पहिलं सिम्युलेशन म्हणावं लागेल.

होल्मबर्गने आपल्या दिव्यांना गिरकी देऊनच सोडलं होतं. पण खऱ्या दीर्घिकांना ती कोणी दिली?

या प्रश्नाचं आज मान्य असलेलं उत्तर फ्रेड हॉइल यांनी १९४९ साली पॅरिसच्या एका परिसंवादात मांडलं. तेव्हा अनेकांचा ओढा आदिम वायूतल्या खळबळीकडे आणि भोवऱ्यांकडे होता. हॉइल म्हणाले, भोवरे कशाला हवेत? दीर्घिका घडत असताना तिचा ढग गोल गरगरीत नसतो, आणि शेजारचे ढग त्याच्या वेड्यावाकड्या टोकांना कमी-अधिक ओढतात. चंद्र समुद्राला भरती आणतो तीच ही ओढ. ढगाला तेवढ्याने पीळ बसतो. गंमत अशी की ‘बिग बँग’ हा शब्दही हॉइल यांनी त्याच वर्षी, बीबीसीवरच्या भाषणात, तो सिद्धांत स्वतःला अमान्य असताना वापरला. ज्या सिद्धांताशी ते जन्मभर भांडले, त्यातच त्यांची ही कल्पना पुढे रुजली. केंब्रिजमधले त्यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर पुढे पुण्यात आले आणि आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. गुरूंचं ते भांडण त्यांनीही सोडलं नाही.

हॉइल यांच्या कल्पनेला गणिताची बैठक दिली जिम पीबल्स यांनी, १९६९ साली. ढग पसरट असतो तोवरच शेजाऱ्यांना त्याच्यावर पकड मिळते. तो स्वतःच्या वजनाने आकसला की पकड सुटते आणि तोवर मिळालेली गिरकी शिल्लक राहते. ती मोजायला पीबल्सनी एक साधा आकडा ठरवला. आज तो ग्रीक अक्षर ‘लॅम्डा’ने ओळखतात. लॅम्डा एकाच्या जवळपास असेल तर ती वस्तू केवळ फिरण्याच्या जोरावर तोलली गेली आहे. शून्य असेल तर एकूण गिरकी नाहीच.

इथवर सगळी चर्चा दिसणाऱ्या दीर्घिकांची होती. मग १९७० मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या फिरण्याचा वेग मोजला. केंद्रापासून लांब गेल्यावर तो कमी व्हायला हवा होता. तसा झाला नाही. १९७३ मध्ये जेरेमाया ऑस्ट्रायकर आणि पीबल्स यांनी संगणकावर काही शे कण घेऊन एक चपटी तबकडी फिरवून पाहिली. ती थोड्याच फेऱ्यांत बिघडून लांबट दांड्यासारखी झाली. तबकडी टिकायची तर तिच्याभोवती मोठ्या वस्तुमानाचं गोलसर काहीतरी हवं, असा निष्कर्ष निघाला. त्या ‘काहीतरी’ला मराठीत प्रभामंडल म्हणतात. प्रभा नावालाही नसलेल्या गोष्टीला इतकं उजळ नाव दुसरीकडे क्वचितच मिळालं असेल.

आता प्रश्न बदलला. हे कृष्णद्रव्याचं, म्हणजे उजेड न देणाऱ्या पण ओढ लावणाऱ्या पदार्थाचं, मंडल स्वतः किती फिरतं? आकाशात ते दिसत नाही, म्हणून उत्तर फक्त संगणकाकडेच मागता येत होतं. १९७९ मध्ये जॉर्ज एफ्स्टाथिओ आणि बर्नार्ड जोन्स यांनी हजार कणांचं विश्व चालवलं. लॅम्डा निघाला ०.०७ च्या आसपास. म्हणजे अगदीच थोडा. जत्रेत हजारो माणसं वाट फुटेल तिकडे चाललेली असावीत आणि वरून पाहताना एकूण गर्दी देवळाभोवती जेमतेम प्रदक्षिणेच्या दिशेने सरकताना दिसावी, तसं. कृष्णद्रव्याच्या मंडलाला तोलून धरतात ते कणांचे सैरावैरा वेग; गिरकीचा त्यात हातभार नगण्य.

मग आतली तबकडी एवढ्या वेगाने का फिरते? मायकेल फॉल आणि एफ्स्टाथिओ यांनी १९८० मध्ये याचं उत्तर दिलं. वायूला आणि कृष्णद्रव्याला सुरुवातीला सारखीच गिरकी मिळते, पण वायू उष्णता बाहेर टाकून आकसतो. साधारण दहापट आकसला की त्याचा वेग दीर्घिकांच्या वेगाशी जुळतो. भोवती मंडल नसतं तर त्याला कितीतरी जास्त आकसावं लागलं असतं, आणि त्याला विश्वाचं वयही पुरलं नसतं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं कण वाढवण्यात गेली. १९८५ मध्ये डेव्हिस, एफ्स्टाथिओ, फ्रेंक आणि व्हाइट या चौकडीने ३२,७६८ कण घेतले. २००१ मध्ये जेम्स बुलक आणि सहकाऱ्यांनी लॅम्डा काढायची सोपी रीत दिली आणि सरासरी ०.०३५ च्या आसपास सांगितली. २००५ मध्ये जर्मनीतल्या गार्किंग इथल्या महासंगणकावर ‘मिलेनियम’ सिम्युलेशन महिनाभर चाललं. त्यात एक हजार कोटी कण होते, आणि ज्या घनात ते मांडले त्याची बाजू २०० कोटी प्रकाशवर्षांहून मोठी होती. इतक्या कणांतली ओढाताण जोडीजोडीने मोजणं अशक्यच, म्हणून जवळच्या कणांचा हिशेब एका पद्धतीने आणि लांबच्यांचा जाळीवर करतात. या पद्धतीवरचा २००२ चा एक महत्त्वाचा निबंध जसजीत बागला यांचा आहे, त्यांची पीएच.डी. पुण्याच्या आयुकातली.

मिलेनियममधल्या दहा लाखांहून अधिक मंडलांची गिरकी फिलिप बेट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तपासली. त्यांचं बरंचसं काम खरं तर निवडण-पाखडण्याचंच होतं. दोन शेजारी मंडलं कणांच्या बारीक पुलाने जोडली गेली की संगणक त्यांना एकच समजतो आणि गिरकी भलतीच फुगते. तीनशेहून कमी कणांच्या मंडलाचा आकडाही भरवशाचा नसतो. असे खडे वेचून बाजूला काढल्यावर उरला तो जुनाच छोटा आकडा. कण हजारांवरून हजार कोटींवर गेले, पण लॅम्डा दशांशचिन्हानंतरच्या त्याच शून्यापाशी घुटमळत राहिला.

फॉल आणि एफ्स्टाथिओ यांच्या चित्राला मात्र तडे गेले. नव्वदच्या दशकात सिम्युलेशनमध्ये खरा वायू घातला, तेव्हा त्याचे गोळे होऊन ते आपली गिरकी मंडलालाच देऊन बसले आणि तबकड्या फारच चिमुकल्या निघाल्या. ताऱ्यांच्या स्फोटांनी वायू उधळला जातो, हे नीट धरल्यावर २०११ च्या ‘एरिस’ सिम्युलेशनमध्ये आपल्या आकाशगंगेसारखी सर्पिल दीर्घिका तयार झाली. पण २०१९ मध्ये फांगजोउ जियांग आणि सहकाऱ्यांना आढळलं की मंडलाच्या गिरकीवरून आतल्या दीर्घिकेचा आकार सांगता येत नाही. दोन्हींचा संबंध जवळजवळ नाहीच. इतर काही सिम्युलेशनांत तो थोडाफार दिसतो. वाद अजून चालू आहे.

कणांच्या फिरण्याहून वेगळी अशी मंडलाची आणखी एक गिरकी असते. मंडल लांबट असतं आणि तो अख्खा आकारच सावकाश वळतो. २००४ मध्ये जेरेमी बेलिन आणि मॅथियास स्टाइनमेट्झ यांनी ही गती मोजली. त्या गतीने एक फेरी पुरी व्हायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या कित्येक पट काळ लागेल. एवढं मंद वळणही कुठेतरी खूण सोडत असेल, असं मोनिका वल्लुरी आणि सहकाऱ्यांना वाटतं. आकाशगंगेने ओरबाडून घेतलेल्या धनू बटुदीर्घिकेच्या ताऱ्यांचा पट्टा आकाशभर पसरला आहे. मंडल वळत असेल तर तो पट्टा किती मुरडेल, याचं गणित त्यांनी २०२१ मध्ये मांडलं.