फाइल पोचली, पण वाचता येते का?

 

आज लढाई नाही आणि किल्लाही नाही. आजचा विषय घरातल्या टेबलावरचा आहे. जुन्या डेस्कटॉपमधल्या फाइली नव्या लॅपटॉपमध्ये न्यायच्या कशा? यात इतिहास कुठला, असं कुणी म्हणेल. इतिहास आहे, आणि त्याचं एक प्रकरण आपल्या मराठी घरांमध्ये अजून अर्धवट पडून आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. पुष्कळशा जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ११ चढत नाही. त्यामुळे घरोघर नवा लॅपटॉप येतोय आणि मुलगी किंवा सून म्हणते, "बाबा, सगळं कॉपी करून देते, तो जुना डबा भंगारात काढा." या 'सगळं'मध्ये काय असतं? फोटो असतात, पेन्शनचे कागद असतात. आणि एखाद्या कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये १९९० च्या दशकात कुणीतरी रात्री जागून टाइप केलेला घराण्याचा कुलवृत्तान्त असतो, महाराष्ट्र मंडळाची स्मरणिका असते, सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेल्या आजोबांच्या आठवणी असतात. फोटोंची मला काळजी नाही, ते पोचतात. काळजी या दुसऱ्या गठ्ठ्याची आहे. ती का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

आयबीएमने १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी बाजारात आणली, तीही मोठ्या यंत्रांना सूचना भरण्यासाठी. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, तोवर फ्लॉपी सव्वापाच इंचांवर आली होती. १९८३ च्या पीसी एक्सटीमध्ये १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि एका फ्लॉपीवर ३६० केबी मावत. गणित करा. अख्खी डिस्क दुसऱ्या यंत्रात न्यायची तर २९ फ्लॉप्या लागणार, त्यातली सतरावी खराब निघाली तर पुन्हा आरंभ. अमेरिकन लोक या पद्धतीला गमतीने 'स्नीकरनेट' म्हणत, म्हणजे पायात बूट घालून चालणारं नेटवर्क. आम्हा फौजी लोकांना यात नवल नाही. मोटरसायकलवरून कागद नेणारा डिस्पॅच रायडर हेच काम कितीतरी आधीपासून करत होता.

खरी पंचाईत लॅपटॉपने केली. १९८६ मध्ये आयबीएमचा पहिला लॅपटॉप, पीसी कन्व्हर्टिबल, आला तो साडेतीन इंची फ्लॉपी घेऊन. टेबलावरचं यंत्र सव्वापाच इंची. एकाची फ्लॉपी दुसऱ्यात जाईचना! मग केबल आली. लॅपलिंक नावाचं सॉफ्टवेअर त्या काळात याच कामासाठी नावाजलं होतं. प्रिंटरच्या पोर्टला दोन्ही यंत्रं जोडायची. त्यात एक मजेशीर अडचण होती. प्रिंटरचं पोर्ट मुळात एकमार्गी. डेटा बाहेर न्यायला आठ तारा, पण आत यायला फक्त पाच, त्याही 'कागद संपला', 'मी कामात आहे' असल्या निरोपांच्या. जुगाड असा झाला की त्या निरोपांच्या तारांवरूनच अर्धा अर्धा बाइट पाठवायचा, चार बिट आधी आणि चार नंतर. हा शब्द आपला असला तरी ती कला काही फक्त आपली नाही. पुढे १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्ये आणि मग विंडोज ९५ मध्येही मायक्रोसॉफ्टने अशी केबलजोडणीची सोय स्वतःच दिली.

पण तार जोडणं हे निम्मं काम. पलीकडे जे पोचलं ते जसंच्या तसं पोचलं का, हे कसं कळणार? याचं उत्तर शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन नावाच्या गृहस्थांनी १९७७ मध्येच दिलं होतं. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या पद्धतीचं नाव पुढे एक्समोडेम पडलं. फाइलचे १२८ बाइटचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याबरोबर त्यातल्या आकड्यांची बेरीज पाठवायची. घेणारं यंत्र आपल्याकडे पुन्हा बेरीज करतं. जुळली तर 'पोच', नाही जुळली तर 'पुन्हा पाठव'. पोच मिळेपर्यंत पाठवणारा पुढचा तुकडा सोडत नाही.

फौजेत चार्ज देणं-घेणं असंच चालतं. रजिस्टरप्रमाणे एकेक नग मोजून घेणारा सही करतो, तोवर जबाबदारी देणाऱ्याची. रेडिओवर आकडे सांगितले की पलीकडचा ते परत वाचून दाखवतो. क्रिस्टेन्सन यांनी हे यंत्रांना शिकवलं. नुसत्या बेरजेत एक खोट आहे, ती हिशेबनीस लगेच ओळखतील. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच येते. म्हणून पुढे सीआरसी नावाची अधिक कडक तपासणी आली, आणि आज आपण पेन ड्राइव्हवर फाइल टाकतो तेव्हा तशी तपासणी आपल्या नकळत चालू असते. हा प्रश्न सुटला, असं मी म्हणेन.

दुसरा प्रश्न वर आला तो १९८१ मध्ये, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. तिथल्या मोठ्या यंत्रांवर विद्यार्थ्यांना जागा अपुरी पडे, म्हणून आपापल्या फाइली फ्लॉपीवर नेता याव्यात अशी सोय हवी होती. फ्रँक द क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी ती तयार केली आणि तिला मपेट शोमधल्या बेडकाचं नाव दिलं, कर्मिट. यात अडचण अशी की विद्यापीठातली सगळी यंत्रं एका लिपीसंकेताची नव्हती. आयबीएमच्या मोठ्या यंत्रात इंग्रजी 'ए' या अक्षराचा क्रमांक १९३, आणि बाकीच्या यंत्रांत ६५. म्हणजे बाइट अगदी जसेच्या तसे पोचले तरी पलीकडे मजकुराचा खिचडा. म्हणून कर्मिटला आधी सांगावं लागे की ही फाइल मजकुराची आहे. मग ते अक्षरांचे क्रमांक बदलून देई. नुसतं पोचणं वेगळं आणि कळणं वेगळं, हा फरक तिथे यंत्राच्या पातळीवर मान्य झाला.

यूएसबीबद्दल फार बोलत नाही. पहिली आवृत्ती १९९६ ची, वेग सेकंदाला १२ मेगाबिट. २००० मध्ये ४८०. ती घडवणाऱ्या इंटेलच्या लोकांत अजय भट्ट हे प्रमुख, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. बडोदेकर श्रोत्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. साधारण २००० च्या अखेरीस ८ एमबीचे पेन ड्राइव्ह विकायला आले आणि स्नीकरनेट पुन्हा जोरात चालू झालं. रोगही त्याच वाटेने चालत आले. १९८६ मध्ये 'ब्रेन' हा पीसीचा पहिला गाजलेला व्हायरस लाहोरच्या दोन भावांनी लिहिला आणि तो फ्लॉपीवरून जगभर गेला. २००८ मध्ये मध्यपूर्वेतल्या एका अमेरिकन तळावर लॅपटॉपला एक पेन ड्राइव्ह लागला आणि त्यातला किडा अमेरिकी लष्कराच्या गोपनीय जाळ्यात शिरला. त्यांनी काही काळ पेन ड्राइव्हवर सरसकट बंदी घातली होती. तेव्हा जुन्या डेस्कटॉपमधून काही काढण्याआधी त्याची व्हायरस-तपासणी करा, एवढं सांगून पुढे जातो.

आता आपल्या लिपीकडे येऊ. संगणकावर देवनागरी आणण्याचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि पुण्याच्या सी-डॅकने ते 'जिस्ट' कार्डाच्या रूपाने बाजारात नेलं. हे कार्ड यंत्रात बसवलं की डॉसच्या पडद्यावर मराठी दिसे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचा सरकारी संकेतही होता. १९९१ मध्ये तो भारतीय मानक झाला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली होती. म्हणजे पाया आपला होता, आणि चांगला होता.

पण छपाईचा धंदा वेगळ्या रस्त्याने गेला. पेजमेकरमध्ये मराठी पुस्तक लावायचं तर अर्धी अक्षरं, रफार, वेलांट्या, जोडाक्षरं यांचे तुकडे हवेत. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी काय केलं? संगणकाला इंग्रजीच अक्षरं साठवू दिली आणि त्यांच्या चित्रांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. फॉन्टमध्ये जागा २५६ च्या आत, आणि कुठला तुकडा कुठल्या जागेवर हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवलं. पडद्यावर 'गणपती' दिसतो. यंत्राच्या लेखी मात्र तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग असते. मी या मंडळींना दोष देत नाही. त्यांच्यामुळेच गावोगावचे छापखाने मराठीत टिकले. पण कोलंबियात जशी दोन यंत्रं दोन संकेतांची होती, तसे आपल्याकडे एकाच भाषेचे कितीतरी संकेत झाले, आणि मधे कर्मिट कुणीच नाही.

विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी थेट विंडोजमध्ये आली. तिचा 'मंगल' हा फॉन्ट अक्षरकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवला. आता 'क' चा क्रमांक जगात कुठेही २३२५. पण त्याआधीचं, आणि सवयीने नंतरचंही, जे टाइप झालं ते जुन्याच फॉन्टमध्ये राहिलं.

म्हणून कुलवृत्तान्ताची फाइल नव्या लॅपटॉपवर एकही बाइट न गमावता पोचते, आणि उघडली की पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मुलगी म्हणते, "बाबा, ही फाइल करप्ट आहे." ती करप्ट नसते! घाईत अशा फाइली पुसल्या जातात, आणि त्याच वेळी ज्या यंत्रावर त्या वाचता येत होत्या ते भंगारवाला घेऊन जातो.

तेव्हा क्रम असा ठेवा. जुनं यंत्र चालू आहे तोवर मराठी फाइली त्याच यंत्रावर उघडा आणि प्रत्येकीत कुठला फॉन्ट आहे ते वहीत लिहून काढा. विंडोजच्या फोल्डरमध्ये फॉन्ट्स नावाचं फोल्डर असतं, त्यातले ते फॉन्टही बरोबर घ्या. काही मराठी सॉफ्टवेअरना प्रिंटर पोर्टला लावायचं कुलूप, डोंगल, लागायचं. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही, त्यामुळे ते काम जुन्याच यंत्रावर उरकायला हवं. पेजमेकरचंही तेच, आजचं इनडिझाइन त्या फाइली उघडत नाही. प्रत्येक फाइलची पीडीएफ करा. ती दिसायला अचूक असेल, पण तिच्यातला मजकूर शोधता येणार नाही, कारण आत कचराच आहे. म्हणून त्याशिवाय मूळ मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. तुमच्या फॉन्टचाच कन्व्हर्टर निवडा. सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि दोन्हीकडे फोल्डरची प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या व आकार जुळवा. चार जीबीहून मोठी एखादी व्हिडिओ फाइल जात नसेल तर ती डिस्क बहुधा फॅट-३२ पद्धतीची आहे, फाइल बिघडलेली नाही.

कन्व्हर्टरवर आंधळा विश्वास मात्र नको. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर. रफार जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. ही अदलाबदल करताना कन्व्हर्टर हमखास चुकतात, आणि कुलवृत्तान्तात चुकतात ती माणसांची नावं. 'शिर्के' या एकाच आडनावात वेलांटी आणि रफार दोन्ही आहेत. आधी तशी नावं शोधून बघा. मग एकाने छापील प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने लॅपटॉपवर बोट ठेवत जायचं. शेवटचं पान होईपर्यंत जुन्या डेस्कटॉपची वायर काढू नका.