वीस वर्षांचा वायदा

८ ऑगस्ट १९५५ रोजी जिनिव्हात अणुशक्तीच्या शांततामय वापराविषयीची संयुक्त राष्ट्रांची परिषद सुरू झाली. अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. हलके अणुगर्भ एकत्र आणून मिळणारी, म्हणजे संमीलनाची, ऊर्जा काबूत आणण्याची रीत येत्या दोन दशकांत सापडेल, असे भाकीत त्यांनी अध्यक्षीय भाषणात केले. मग समुद्रातला जड हायड्रोजन हेच इंधन, आणि त्याला तोटा कुठला?

ते भाषण वाचताना माझे लक्ष दरवेळी पाटण तालुक्याकडे जाते. त्याच वर्षी हेळवाकजवळ कोयनेच्या धरणाचे काम सुरू होते. सांगली जिल्ह्याला तेव्हा ते नावही मिळाले नव्हते. १९६० पर्यंत तो कागदोपत्री ‘दक्षिण सातारा’ होता. एकाच वेळी विजेची दोन आश्वासने दिली गेली होती, एक जगाला आणि एक आपल्याला. दुसऱ्याचा इतिहास जवळून पाहिला, तर पहिल्याकडे कसे पाहावे हे उमगते, असे मला वाटते.

कोयनाही वेळेवर आली नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर टाटांनी या खोऱ्याची पाहणी केली होती. पैशाच्या अडचणींमुळे १९२८ च्या सुमारास योजना बासनात गेली. स्वातंत्र्यानंतर सरकारने ती बाहेर काढली, १९५३ मध्ये मंजुरी मिळाली आणि वीज आली १९६२ मध्ये. पहिल्या पाहणीपासून जवळजवळ चाळीस वर्षे. तेव्हा ‘संमीलन नेहमी वीस वर्षांवरच असते’ या थट्टेत मी सहसा सामील होत नाही. उशीर म्हणजे खोटेपणा नव्हे. फरक इतकाच, की पाणी उंचावरून पडले की चाक फिरते, हे टाटांच्या अभियंत्यांना नक्की ठाऊक होते. राहिला होता पैशाचा आणि डोंगर पोखरण्याचा प्रश्न.

इथे एक हिशेब मांडून पाहावा. शिवाजीसागरातले एक लिटर पाणी सह्याद्रीच्या पोटातून सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते. त्यातून मिळणारी ऊर्जा साडेचार किलोज्यूलच्या आसपास. तेवढ्यात तेच एक लिटर पाणी जेमतेम एक अंशाने तापेल. त्याच लिटरभर पाण्यात सुमारे ३३ मिलिग्रॅम ड्युटेरियम असते. त्याचे पूर्ण संमीलन साधले, तर तीनशे लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा मिळावी. भाभांना भुरळ पडली ती या आकड्यांची, आणि ती कुणालाही पडेल.

पण ‘साधले तर’ याच शब्दांत सत्तर वर्षे गेली. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान असते. सूर्याजवळ प्रचंड दाब आहे, म्हणून त्याचे तेवढ्यात भागते. पृथ्वीवर ते दहापट लागते, आणि इतका तापलेला वायू कुठल्याच भांड्यात मावत नाही, चुंबकी क्षेत्रात अधांतरी धरावा लागतो. नुसत्या ड्युटेरियमचे संमीलन त्याहून अवघड, म्हणून सोबत ट्रिटियम घ्यावे लागते. ते निसर्गात नावालाच आहे, बारा वर्षांत निम्मे विरते, आणि लिथियमपासून घडवावे लागते. समुद्रभर इंधनाची गोष्ट इथेच अडखळते.

प्रगती झालीच नाही असे नाही. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियात लेझरचे २.०५ मेगाज्यूल देऊन ३.१५ मेगाज्यूल मिळाले. मात्र त्या लेझरनी तारेतून सुमारे ३०० मेगाज्यूल ओढले होते, ही ओळ बातम्यांत शेवटी येते. फ्रान्समधल्या ‘इटर’ या प्रकल्पात भारत भागीदार आहे. त्याचे अवाढव्य थर्मासवजा बाह्यपात्र हजिऱ्यात घडले. गांधीनगरचे ‘आदित्य’ हे संमीलनयंत्र १९८९ पासून चालले. ‘इटर’मध्ये ५० मेगावॉट उष्णता देऊन ५०० मेगावॉट मिळवायची आहे, वीज करायचीच नाही. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग २०३९ मध्ये.

आता सांगलीकडे वळू. कोयनेचे जे पाणी पश्चिमेला पडते ते वीज देते. जे पूर्वेला सोडतात ते कराडला कृष्णेत मिसळते आणि पुढे टेंभूला, म्हणजे आगरकरांच्या गावी, अडवले जाते. तिथून आटपाडीकडे, तसेच ताकारीहून आणि म्हैसाळहून दुष्काळी तालुक्यांकडे ते पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागते. एका बाजूला पाणी उतरताना वीज, दुसऱ्या बाजूला चढताना वीज. बिल थकले की पंप बंद, हे या भागाने अनेकदा पाहिले. पुढे बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा असे ठरले. जतच्या शेतकऱ्याने संमीलनाबद्दल विचारलेच, तर दोनच गोष्टी विचारील: केव्हा आणि युनिट कितीला? इंधन फुकट असले म्हणजे वीज फुकट होत नाही. कोयनेचे पाणी तरी कुठे विकत आणले होते?

आणि न मांडलेला खर्च असतो तो वेगळाच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, सुमारे १८० माणसे गेली, धरणाला भेगा पडल्या. जलाशयाच्या भाराने भूकंपाला चालना मिळू शकते, हे जगाला शिकवणाऱ्या ठळक उदाहरणांत आज कोयनेचे नाव घेतात. ज्यांची गावे पाण्याखाली गेली, ती कुटुंबे ठाणे, रायगडपासून सांगली, सोलापूरपर्यंत पांगली. त्यांतल्या अनेकांना जमिनीसाठी साठ वर्षांनंतरही कोयनानगरला ठिय्या द्यावा लागला. नेतृत्व सांगली जिल्ह्यातल्याच कासेगावच्या डॉ. भारत पाटणकरांचे होते.

संमीलनातून वीज येईल, असे मला वाटते. पण या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या पंपांपर्यंत येईल असे वाटत नाही. तिच्या भरवशावर आजचा कुठलाही निर्णय पुढे ढकलू नये. दरम्यान चाळकेवाडीच्या पठारावर आणि ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याही फारशी भाकिते न होता. ‘इटर’चे ते प्रयोग ठरल्याप्रमाणे २०३९ मध्ये झाले, तर पोफळीची पहिली वीज तेव्हा ७७ वर्षांची झालेली असेल.