पोलीस ठाण्यातील समाजकार्यकर्ता : पीडित-साहाय्याच्या इतिहासाची एक बाजू

भारतीय फौजदारी न्यायव्यवस्थेत गुन्हा हा राज्याविरुद्धचा अपराध मानला जातो. त्यामुळे ज्याच्यावर प्रत्यक्ष आघात झाला, त्याचे स्थान दीर्घकाळ साक्षीदारापुरतेच राहिले. जबाब देणे, वैद्यकीय तपासणीस सामोरे जाणे आणि समन्स आल्यावर न्यायालयात उभे राहणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असे. या वाटचालीत त्याच्यासोबत कोण असावे, हा प्रश्न कायद्याने फार उशिरा विचारला.

तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराचा खटला या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या विधी-अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. दुरुस्तीचा भर संमती, पुराव्याची जबाबदारी व ओळखीची गोपनीयता यांवर होता. परंतु त्या रात्री नातलगांना बाहेर पाठवून मुलीला एकटीला आत थांबविण्यात आले होते. त्या एकटेपणावर दुरुस्तीत उत्तर नव्हते.

ते उत्तर वेगळ्याच दिशेने आले. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. दोन्ही घटनांत थेट कार्यकारणसंबंध मानण्याचे कारण नाही. कक्षाचे काम मुख्यतः कौटुंबिक हिंसाचाराचे होते. महत्त्वाची होती ती जागा. प्रशिक्षित समाजकार्यकर्ता पोलिसांच्या आवारात बसे, पण तो पोलीस नसे. तक्रार लिहून घेण्याचा वा तपासाचा अधिकार त्याला नव्हता. ऐकून घेणे, कार्यपद्धती समजावून देणे आणि तक्रारदारासह अधिकाऱ्यासमोर बसणे, हेच त्याचे बळ. २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ही व्यवस्था स्वीकारली.

न्यायालयाची कल्पना मात्र वकिलाभोवती फिरत राहिली. दिल्ली डोमेस्टिक वर्किंग विमेन्स फोरम खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने बलात्कारपीडितेस पोलीस ठाण्यातच विधी-साहाय्य मिळावे, असे सांगितले. त्या वकिलाने कार्यवाही समजावून द्यावी, तसेच समुपदेशन व वैद्यकीय मदतीचा मार्गही दाखवावा, अशी अपेक्षा होती. म्हणजे समाजकार्यकर्त्याचे काम वकिलाच्या माथी आले. २००९ अखेर अमलात आलेल्या दुरुस्तीने ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या केली, नुकसानभरपाईची योजना आणली. महाराष्ट्रात २०१३ मध्ये ‘मनोधैर्य’ योजना आली. पैशाची तरतूद झाली, माणसाची नाही.

‘साहाय्यक व्यक्ती’ हे पद प्रथम बालकांपुरते अवतरले. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाखालील २०१२ च्या नियमांनी बालकल्याण समितीला तपास व खटल्याच्या काळात अशी व्यक्ती देण्याची मुभा दिली. ती मुभाच होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बाब पालकांच्या मर्जीवर सोडता येणार नाही, असे बजावले आणि मानधनाचाही विचार केला. हा तपशील किरकोळ नव्हे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या खटल्यात सोबत राहणे केवळ सेवाभावावर निभत नाही.

प्रौढांच्या बाबतीत चित्र विस्कळीत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत पीडितास वा माहिती देणाऱ्यास कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे; इलेक्ट्रॉनिक माध्यमातून कळविलेलेही चालते. खून झालेल्याच्या घरी असा संदेश पोहोचला, तरी त्याचा अर्थ उलगडून सांगणारी व्यक्ती त्या संहितेने नेमलेली नाही.